तीन महिने हात लावायचा नाही

माझी मोठी जाऊ राईस मिलच्या गोदामात शिरली तेव्हा मी गुडघे आत वळवून, मुठी बरगड्यांशी घेऊन उभी होते. विंग चुन म्हणजे कुंग-फूचा एक प्रकार, आणि त्यात उभं राहायची ती पहिली रीत. माझं तोंड दाराकडे होतं, म्हणून तिला आधी मीच पाहिलं. तिनेही मला पाहिलं. मला वाटलं, आता ही मागच्या पावली फिरेल. ती फिरली नाही. तिने दाराशी चपला काढल्या, ओढणी कमरेला गुंडाळून गाठ मारली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

आम्ही दोघी दोन वर्षं बोलत नव्हतो.

लाखनीत आमचं घर एकच आहे, हायवेपासून थोडं आत. आंगण एक, नळ एक, दोन भावांच्या चुली दोन. सकाळी नळ आला की आधी ती पाणी भरायची. मी खिडकीतून बघत राहायची आणि तिची पाण्याची शेवटची गुंडी आत गेली की मग बाहेर पडायची. दोघींमधला काही निरोप असला तर सासूबाईंकडून जायचा. सासूबाई तिच्या बाजूला राहत, पण दुपारी ऊन उतरलं की आंगणात मधोमध खाट टाकून बसत. त्या खाटेच्या पलीकडे तिचं, अलीकडे माझं.

हे झालं सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. मी त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं, गाडीही बोलावली. मोठी जाऊ मात्र त्यांना नेऊ नका म्हणत होती. मामाजींचं सगळं तीच करत होती, सात महिने. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, संध्याकाळी घरी येते, पण मला वाटायचं की शिकलेली मी आहे, डॉक्टरशी बोलते मी, तर ठरवायचं मी. गाडी दारात उभी होती. मी आत जायला निघाले तर तिने उंबऱ्यावर माझं मनगट धरलं आणि मला ढकललं. मी आंगणात पाठीवर पडले. सोयरे, शेजारी, गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांसमोर.

"तू शाळेतून येते अन् पाच मिनिटं पाह्यते," ती म्हणाली. "तुले काय मालूम वं?"

दोन दिवसांनी मामाजी गेले. घरीच. नागपूरला नेलं असतं तर वाचले असते का, हे मला माहीत नाही. पण दोन वर्षं मी असं वागले, जणू ते वाचले असते हे सगळ्यांना माहीतच आहे.

विंग चुनच्या क्लासला मी खरं तर मुलीसाठी गेले होते. शिकवणारे सर सकाळी एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतात. पुण्याला अकरा वर्षं नोकरी केली, तिथे हे शिकले, आणि वडील आजारी पडले म्हणून गावी परत आले. बंद पडलेल्या राईस मिलचं टिनाचं गोदाम त्यांना संध्याकाळी वापरायला मिळालं होतं. जमिनीवरचा कोंडा कितीही झाडला तरी तळपायाला टोचायचा. माझ्या मुलीने दिवाळीनंतर नाव घातलं आणि एकटी जायला लाजते म्हणून मलाही ओढलं. दोन आठवड्यांत तिचा जीव कंटाळला. माझा नाही कंटाळला. सात पुरुष आणि मी. चाळिशी जवळ आलेली, सलवार-कुर्त्यातली शाळेची मॅडम.

सरांचा एक नियम होता. नव्या माणसाने पहिले तीन महिने कुणाला हात लावायचा नाही. उभं राहायला शिकायचं, पहिला फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करायची, हवेत ठोसे मारायचे. तीन महिन्यांनंतर जोडीचा सराव. त्याला ची साओ म्हणतात, सर त्याला 'चिकटते हात' म्हणायचे. दोघं समोरासमोर, मनगटाला मनगट टेकलेलं. समोरचा काय करणार आहे ते डोळ्यांनी बघायचं नाही, कातडीने ओळखायचं.

माझे तीन महिने झाले तरी मला जोडीदार नव्हता. पुरुषांबरोबर मी तो सराव करावा, हे घरात चालणार नव्हतं. नवऱ्याने एकदाच सांगितलं होतं, "तू जा, मी कोणाले काई म्हणत नाई. पण उद्या चौकात लोकं मले इचारतीन, तं मी काय सांगू?" सरही स्वतःहून बायकांना हात लावत नसत. म्हणून पुरुष जोडीने फिरायचे आणि मी एका खांबाला पोतं गुंडाळून त्यावर मनगट घासत बसायची. खांब काही सांगत नाही. मी सरांना दर आठवड्याला म्हणायची, "सर, एखादी बाई आणा हो क्लासमध्ये."

आणि बाई आली ती ही.

ती का आली हे मला तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या खाटेवरून कळलं. जाऊ मुलींच्या एका होस्टेलवर मदतनीस आहे. होळीच्या आधी भरदुपारी एक दारू प्यालेला माणूस तिथे घुसला. ती जिन्याच्या पायथ्याशी त्याला आडवी आली. त्याने तिला एका हाताने बाजूला सारलं आणि वर चढला. वर मुली किंचाळल्या, बाजूचे दुकानदार धावले, त्याला खाली ओढलं, पुढचं काही वाईट झालं नाही. पण सासूबाई म्हणाल्या, "मोठी रातभर म्हणे, मले पोत्यासारखं सारलं त्यानं. पोत्यासारखं."

मला ऐकून वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी आत कुठेतरी बरंही वाटलं. ढकललं की कसं वाटतं ते कळलं ना, असं.

गोदामात ती माझ्यापासून सगळ्यात लांब उभी राहायची. दीड तासात आमची नजर एकदाही मिळायची नाही. घरी परत जायचा रस्ता एकच, म्हणून ती आधी निघायची आणि मी उड्डाणपुलाखाली दहा मिनिटं उगाच थांबायची. ट्रक जायचे, धूळ तोंडावर यायची, आणि मी मनातल्या मनात तिच्याशी भांडण करायची. तिचं मनगट माझ्या मनगटावर आहे, असं मी डोळ्यांसमोर आणायची. पुढचंही आणायची.

तिला येऊन दोन आठवडे झाले तेव्हा मी सरांना गाठलं. क्लास सुटला होता, ती गेली होती.

"सर, आता बाई आली आहे. आमचा जोडीचा सराव सुरू करा."

"त्यांचे तीन महिने कुठे झाले, मॅडम?"

"ते तीन महिने कशासाठी? मी पहिलीला शिकवते. मूल आधी सगळी अक्षरं शिकतं आणि मग बोलतं का? आधी बोलतं. चुकत चुकत बोलतं. मग अक्षरं. तुम्ही लोकांना तीन महिने मुके ठेवता आणि मग म्हणता, बोला."

सर हसले नाहीत. कुलूप हातात घेऊन उभे राहिले. "हे मी पण पुष्कळदा विचार करून राहिलोय," ते म्हणाले. "पुण्यात आमचे सर नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हात लावायला द्यायचे. पण तिथे जुने लोक होते, दहा-दहा वर्षांचे. नवा माणूस जुन्याबरोबर सुरू करायचा. जुन्याला माहीत असतं नव्याचा हात कुठे कच्चा आहे, तो तिथे थांबतो. दोन नवे एकमेकांना लावले की जोर सुरू होतो. इथे जुनं आहे कोण? म्हणून मी तीन महिने ठेवले."

"मी आहे ना."

"तुम्ही पाच महिन्यांच्या."

"तिच्यापेक्षा जुनी आहे. मी थांबेन बरोबर."

सरांना आमच्या घरातलं माहीत नव्हतं. ते गाव सोडून अकरा वर्षं बाहेर होते, आणि त्यांना कुणी सांगायला जाईल अशी ती गोष्ट नव्हती. त्यांना दिसत होत्या दोन बायका, एका आडनावाच्या, एका घरातल्या. उलट त्यांना ते सोयीचंच वाटलं असेल. ते म्हणाले, "ठीक आहे. एका हाताचा सराव. हळू. उद्यापासून."

मी जे बोलले त्यातलं अक्षरांचं सगळं खरं होतं. आजही मला ते खरं वाटतं. फक्त मी ते ज्या कारणासाठी बोलले ते कारण दुसरं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला समोरासमोर उभं केलं. जावेने सरांकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"हिच्यासंग?"

"हो ताई. काही अडचण?"

तिने कमरेची ओढणीची गाठ पुन्हा आवळली. "नाई," ती म्हणाली.

एका हाताचा सराव सोपा आहे. एकीचा तळवा वर वळलेला, दुसरीचं मनगट तिच्या मनगटावर टेकलेलं. खालची छातीकडे तळवा लोटते. वरची कोपर खाली बसवून तो अडवते आणि तिथूनच तोंडाकडे ठोसा सोडते. खालचीने कोपर उचललं की तो ठोसा वर जातो. मग दोघी पुन्हा पहिल्या जागेवर. हात एकदाही सुटायचा नाही. सरांनी तिला खाली ठेवलं, मला वर.

तिचा हात माझ्या हाताखाली आला तेव्हा तो गार होता. चैतातल्या संध्याकाळी, टिनाखाली, घाम गळत असताना गार. मला वाटलं होतं मी रागाने थरथरेन. तसं काही झालं नाही. मी फार सावध होते, एवढंच. ती तळवा लोटायची, मी अडवायची, ठोसा सोडायची, ती कोपर उचलायची. तोंडातून आवाज नाही. बाकी जोड्या हसत-बोलत होत्या, आमच्या दोघींत फक्त श्वास.

पहिला दिवस गेला. दुसराही गेला. सर येऊन बघून जायचे आणि म्हणायचे, "छान. असंच हळू."

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तिचं कोपर उशिरा येतं. सगळ्या वेळा नाही. ती तळवा लोटताना खांद्यात जोर भरायची, आणि खांदा ताठ झाला की कोपर उचलायला तिला अर्धा क्षण जास्त लागायचा. हे मी बघितलं नाही, मला हातात कळलं. तिचं मनगट माझ्या मनगटाखाली जड व्हायचं, आणि मग मला माहीत असायचं की आता हिचं कोपर येणार नाही. दोन महिने खांबाला घासून जे आलं नव्हतं ते तीन दिवसांत आलं होतं. एकदा कळलं, मी ठोसा हळू केला. दुसऱ्यांदा कळलं, मी हळू केला. मला त्याचा आनंद होत होता, खरंच. जुन्या माणसाने थांबायचं म्हणजे काय ते मला जमत होतं.

मग पुन्हा तिचं मनगट जड झालं. मला कळलं की कोपर येणार नाही. आणि मी थांबले नाही.

मूठ सरळ तिच्या तोंडावर गेली. आवाज फार झाला नाही. ती दोन पावलं मागे गेली, हात ओठावर धरला, आणि बोटांच्या मधून रक्त आलं. वरचा ओठ दातावर फाटला होता.

"सुटला," मी म्हणाले. "हात सुटला माझा, सर. घसरला."

सर धावत आले. त्यांनी बॅगेतून कापूस काढला, तिला खाली बसवलं. पुरुष गोळा झाले. सरांनी तिला विचारलं, "हात सुटला होता का, ताई?" तिने मान हलवली, पण ती हो म्हणत होती की नाही ते कुणालाच कळलं नाही. सरांनी मग माझ्याकडे बघितलं आणि तसेच बघत राहिले. ते अकरा वर्षं हेच करत आले होते. हात सुटला की ठोसा कुठे जातो आणि सोडला की कुठे जातो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी ती आधी निघाली नाही आणि मी पुलाखाली थांबले नाही. आम्ही दोघी एकाच रस्त्याने चाललो, ती पुढे, मी दहा-बारा हात मागे. तिच्या ओढणीचं टोक तोंडावर होतं. मला सारखं वाटत होतं, ती मागे वळेल आणि काहीतरी बोलेल, किंवा मारेल. निदान शिवी देईल. ती वळली नाही. मी घरात शिरले, दार लोटलं आणि दाराशीच उभी राहिले.

पलीकडे थोरल्या दिरांचा आवाज चढला. ते तापट आहेत. "कोणं मारलं? नाव सांग मले. त्या क्लासवाल्यानं? आताच्या आता जातो मी तिथी!" मग सासूबाईंचा रडका आवाज. मग खाट सरकल्याचा. माझा नवरा जेवत होता, तो ताटावरून उठला.

"काय झालं वं? तुमच्या क्लासमंधी झालं काई?"

मी दाराला कान लावला. आता जाऊ सांगेल. मग दीर आंगण ओलांडून येतील, मग दोघं भाऊ समोरासमोर, आणि जे दोन वर्षं नुसतं अबोल्यावर थांबलं होतं ते आज हातघाईवर येईल. माझी मुलगी पुस्तक मिटून माझ्याकडे बघत होती.

पलीकडून जावेचा आवाज आला. ओठ सुजल्यामुळे शब्द नीट येत नव्हते, पण ऐकू येत होतं.

"कोणी नाई मारलं. गोदामाच्या दरवाज्याची कडी लागली. अंधार होता. मीच आंधळ्यावानी गेली."

"मंग बंद कर तो क्लास!"

"बंद नाई करत. कडी लागली म्हणून घरी बसू का?"

मी खाली बसले. नवरा म्हणाला, "कडी लागली म्हणते." मी म्हणाले, "हो." ताट त्याने पुन्हा पुढे ओढलं. मी जेवले नाही.

सकाळी नळ आला तेव्हा मी तिची वाट बघितली नाही. बाहेर गेले. ती नळाखालच्या गुंडीवर वाकलेली होती. ओठ निळा पडला होता, वर एक काळी खपली. दोन वर्षांत मी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "काहून नाई सांगतलं तुम्ही?"

तिने नळ बंद केला. "तुह्यासाठी नाई," ती म्हणाली. "सांगतलं असतं तं मले क्लास बंद झाला असता. मले शिकाचं हाये." आणि गुंडी उचलून आत गेली.

संध्याकाळी जायला माझे पाय निघत नव्हते. पण न जाणं म्हणजे सगळं कबूल करणं होतं, आणि तेवढंही धैर्य माझ्यात नव्हतं. गेले. सरांनी आम्हाला दोघींना बाजूला घेतलं. ते माझ्याशी बोलले नाहीत, तिच्याशी बोलले.

"ताई, चूक माझी आहे. तुम्हाला तीन महिने थांबवायला हवं होतं. आजपासून तुम्ही परत फॉर्म करा. जोडीचं नंतर बघू."

"नंतर कोणासंग?" तिने विचारलं. "दुसरी बाई कुठी हाये?"

"येईल कुणीतरी."

"तो माणूस पुन्हा आला तं मी त्याले सांगू का, थांब बाबू, माहे तीन महिने व्हाचे हायेत?"

सरांनी तिच्या ओठाकडे बघितलं. ती म्हणाली, "हिच्यासंगच करतो मी. ओठ सुधरला की. पण आता हे खालती राहीन अन् मी वरती. मारणं माह्याकडं."

सरांनी मला विचारलं, "चालेल, मॅडम?"

मी हो म्हणाले.

आठ दिवसांनी सुरू झालं. मे लागला होता. शाळेला सुट्ट्या होत्या, मला दिवसभर काही काम नव्हतं, आणि मी दिवसभर संध्याकाळची वाट बघायची, भीतीने. आता ठोसा तिच्याकडे होता. मी तळवा लोटायची, ती अडवायची आणि मूठ माझ्या तोंडाकडे यायची. दर फेरीला मला वाटायचं, आत्ता. या वेळी ही थांबणार नाही. माझा खांदा ताठ व्हायचा, कोपर उशिरा यायचं, आणि तिची मूठ माझ्या हनुवटीपासून दोन बोटांवर येऊन थांबायची. मग आम्ही पुन्हा पहिल्या जागेवर. पुन्हा दोन बोटं. दीड तासात असं शंभरदा. रात्री डोळे मिटले की ती मूठ यायची.

"मॅडम, तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघून राहिल्या," सर जाता जाता म्हणाले. "तोंडावर काही नाही. हातात बघा."

हातात मला काहीच कळत नव्हतं. ज्या दिवशी मला मारायचं होतं त्या दिवशी सगळं स्पष्ट कळत होतं, आणि आता मला लागणार होतं तर माझी कातडी बहिरी झाली होती. मला माझ्या त्या पाच महिन्यांची लाज वाटली. मी जुनी नव्हते. मी सुरुवातही केली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ती मूठ थांबली नाही. जोर नव्हता, पण माझं कोपर आलंच नाही, मी घाबरून मान वळवली आणि ती गळ्याखालच्या हाडावर बसली. मी "आई गं" म्हणाले.

तिने हात काढून घेतला नाही. मनगटावर मनगट तसंच.

"लागलं?"

"हाव."

"जास्त?"

"नाई जास्त."

आम्ही पुन्हा पहिल्या जागेवर आलो. फेरी सुरू झाली. दोन-तीन फेऱ्यांनंतर ती खाली हाताकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी दारात जोरात लागलं होतं का तुले? आंगणात?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न कुणी विचारला तर माझ्याकडे दोन वर्षांची उत्तरं आहेत. त्यातलं एकही आलं नाही.

"पाठ दुखत होती महिनाभर," मी म्हणाले.

ती "हं" म्हणाली. माफी मागितली नाही. मीही मागितली नव्हती. हात फिरत राहिले. मग मी सांगितलं, कारण आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही हे मला दिसत होतं.

"बाई, तुमचा ओठ फुटला तवा माहा हात सुटला नव्हता. मले समजलं होतं, तुमचं कोपर येणार नाई. समजून मारलं मी."

"मले मालूम हाये."

"सरांनी सांगतलं?"

"सर कायले सांगतीन? माहा हात नव्हता का तुह्या हाताखाली? दोनदा तू थांबली, मले समजलं. तिसऱ्यांदा तुह्या मनगटात आधीच जोर आला. मले वाटलं, आता मारते हे. पण कोपर उचलनं जमलं नाई न मले."

मी तिच्याकडे बघत राहिले. तीन दिवस. तिला हात लावून फक्त तीन दिवस झाले होते, आणि तिने माझ्या हातातलं ते वाचलं होतं जे मी स्वतःशीही बोलले नव्हते. आणि त्या संध्याकाळी सुजल्या ओठाने ती कडीचं सांगत होती तेव्हा तिला हे सगळं माहीत होतं.

"हात चालव," ती म्हणाली. "सर पाहून राहिले."

त्यानंतर आमचं एकदम सगळं गोड झालं असं नाही. मामाजींचा विषय आम्ही आजवर काढलेला नाही. सुट्ट्या संपता संपता तिने मला पुन्हा वर घेतलं, म्हणजे ठोसा माझ्याकडे दिला. पहिल्या दिवशी मी इतकी हळू मारत होते की ती वैतागली. "अशानं मी शिकीन का? नीट मार." मी नीट मारला. कोपर आलं. पावसाळ्यात रोवणे, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली तसे क्लासमधले अर्धे लोक शेतावर गेले, आमच्या घरचेही धानाच्या बांधीत, चिखलात उतरले, तर आम्ही दोघी आंगणातच सराव करायला लागलो. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना वाटलं मारामारी जुंपली, आणि त्या खाटेवरून ओरडत उठल्या. दोन्ही भाऊ बाहेर आले. थोरल्या दिरांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे काय होय?" जाऊ म्हणाली, "बोलू नका, चुकते." ते खाटेच्या कडेवर टेकले.

आता क्लासमध्ये आम्ही सहा बायका आहोत. सरांनी बायकांकडचं आमच्या दोघींवर सोडलं आहे, आणि एका गोष्टीवरून आमचं रोज भांडण होतं. मी म्हणते, नव्या बाईला दीड महिना तरी हात लावायचा नाही. तिला उभं राहता आलं पाहिजे, पहिला फॉर्म हाडात गेला पाहिजे, आणि तिला जिच्यासमोर उभं करायचं ती कोण आहे, दोघींचं आपसात काय आहे, हे आधी विचारून घेतलं पाहिजे. जाऊ म्हणते, पहिल्या दिवशी. ती म्हणते, "येणारी बाई कायसाठी येते? तिले कोणीतरी सारलं असते, धरलं असते. तिले दीड महिना हवेत हात हालवाले लावते का? हातावर हात ठेव, तिले समजू दे का हात असाही लागते."

"आणि एखादीने ओठ फोडला तर?"

"तं मी उभी हाये न मधे. तू त्या वक्ती उभं राहाले कोणाले ठेवलं होतं?"

यावर मी आवाज चढवते.

परवा रेशनच्या दुकानाजवळ राहणारी एक बाई पहिल्यांदा आली. पन्नाशीची, घाबरलेली, पदर दोन्ही हातांनी धरलेली. मी तिला गुडघे कसे वळवायचे ते दाखवत होते, तेवढ्यात जाऊ आली आणि तिला म्हणाली, "बाई, हात वर करा, तळवा आभाळाकडे." मी म्हणाले, पहिलाच दिवस आहे, आधी उभं राहू द्या तिला. जाऊ म्हणाली, उभी तं हाये. आम्ही तिथेच सुरू झालो, गोदामाच्या मधोमध, दोघींचे आवाज टिनाला आपटून परत येत होते. पुरुष थांबून बघायला लागले. सर कोपऱ्यातून म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा, मला विचारू नका."

ती नवी बाई हात वर करून तशीच उभी होती, एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत.

"तू बोलून घे," जाऊ मला म्हणाली. "तवर आमी सुरू करतो." आणि तिने आपलं मनगट त्या बाईच्या मनगटावर अलगद ठेवलं. बाई दचकली. जाऊ हलली नाही. थोड्या वेळाने बाईचा खांदा खाली आला.

मी बोलायची थांबले आणि दोघींच्या बाजूला जाऊन उभी राहिले, मूठ कुठे जाते त्यावर लक्ष ठेवत.